टॉलस्टॉयचे ‘पुनरुत्थान’ आणि आपला ईस्टर

जागतिक वाङ्मयातील थोर कादंबऱ्यांमध्ये जिच्या शीर्षकातच आपल्या श्रद्धेचा गाभा आला आहे, अशी एक कादंबरी म्हणजे लिओ टॉलस्टॉय यांची ‘पुनरुत्थान’. १८९९ साली ‘नीवा’ या रशियन साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हा टॉलस्टॉय यांनी सत्तरी गाठली होती. शस्त्र धरण्यास नकार दिल्यामुळे छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथाचे ७,००० हून अधिक लोक त्याच वर्षी कॅनडात स्थलांतरित झाले. या कादंबरीचे उत्पन्न टॉलस्टॉय यांनी त्यांच्या मदतीसाठी दिले. रशियन भाषेत ‘पुनरुत्थान’ आणि ‘रविवार’ हे दोन शब्द मुळात एकच आहेत. त्यामुळे हे शीर्षक रशियन वाचकाच्या कानाला पंडिती वाटत नाही; दर आठवड्याला त्याच्या तोंडी येणारा तो शब्द आहे.

मात्र हे शीर्षक निवडणाऱ्या लेखकाचा प्रभू येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास नव्हता. १८८० नंतरच्या काळात टॉलस्टॉय यांनी चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून स्वतःची एक संहिता तयार केली. तिच्यातून चमत्कार वगळले आणि क्रुसावरील मृत्यूपाशी लेखणी थांबवली. येशूची शिकवण त्यांनी शिरोधार्य मानली. रिकामी कबर त्यांनी नाकारली. मग ‘पुनरुत्थान’ या नावाने त्यांना काय सांगायचे होते? पुनरुत्थित प्रभूवाचून माणसाचे पुनरुत्थान होऊ शकते काय? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या रशियात राहिलेला नाही. ‘पुनरुत्थान म्हणजे आपल्या अंतःकरणात झालेला बदल’ असे आज आपल्या प्रवचनांतून आणि शिबिरांतून सहज सांगितले जाते. ते ऐकायला सोपे आहे, कोणाला अडचणीतही टाकत नाही. म्हणूनच ही कादंबरी आपण काळजीपूर्वक वाचली पाहिजे.

सर्वांनी ती वाचली असेल असे नाही, म्हणून कथासूत्र थोडक्यात सांगतो. कात्यूशा ही दोन जमीनदार बहिणींच्या घरी वाढलेली पोरकी मुलगी. अर्धी मानलेली लेक, अर्धी मोलकरीण. त्या बहिणींचा भाचा प्रिन्स नेखल्यूदॉव्ह विद्यार्थिदशेत तेथे येतो आणि दोघांत एक निर्मळ स्नेह जुळतो. तीन वर्षांनी तो सैन्यातील अधिकारी होऊन परततो, तेव्हा तो पार बदललेला असतो. तो तिला भ्रष्ट करतो, तिच्या हाती शंभर रूबलची नोट कोंबतो आणि निघून जातो. तिचे मूल दगावते आणि शेवटी ती वेश्यागृहात जाऊन पडते. काही वर्षांनी एका व्यापाऱ्याला विष घातल्याच्या आरोपावरून ती न्यायालयात उभी राहते आणि त्या खटल्याच्या ज्यूरीमध्ये नेखल्यूदॉव्ह बसलेला असतो. ‘जीव घेण्याचा हेतू नव्हता’ एवढे शब्द निकालपत्रात घालायला ज्यूरी विसरते आणि निरपराध कात्यूशाला चार वर्षे सक्तमजुरी होते. पश्चात्तापाने पोळलेला नेखल्यूदॉव्ह तिच्याशी लग्न करायचे ठरवतो आणि तिच्या मागोमाग सैबेरियापर्यंत जातो.

या कादंबरीतील सर्वांत सुंदर प्रकरण ईस्टरच्या मध्यरात्रीचे आहे. गावातील लहानसे चर्च, पेटलेल्या मेणबत्त्या, पांढरा पोशाख केलेली आणि काळ्याभोर केसांत लाल फीत बांधलेली कात्यूशा. उपासनेनंतर चर्चच्या दारात एक भिकारी तिच्यासमोर येतो. त्याच्या नाकाच्या जागी नुसता लाल व्रण आहे. प्रभूच्या पुनरुत्थानाची वार्ता एकमेकांना सांगून तीन वेळा चुंबन घ्यायची रशियन रीत आहे. कात्यूशा किंचितही किळस न करता त्या भिकाऱ्याचे चुंबन घेते. ज्या लेखकाने पुनरुत्थान नाकारले, त्याच्याच लेखणीतून पुनरुत्थानाच्या आनंदाचे इतके खरे चित्र उतरले आहे. विचारवंत टॉलस्टॉयला जे दिसले नाही, ते कलावंत टॉलस्टॉयला दिसले. पुनरुत्थित प्रभूला ओळखणारी व्यक्ती विद्रूप माणसाला दूर लोटत नाही, हे त्याने एका साध्या कृतीतून दाखवले. आणि त्याच चर्चमध्ये, त्याच रात्री नेखल्यूदॉव्हही हजर होता. त्याच्या हातून ते पाप घडते ते दुसऱ्याच रात्री. मेणबत्तीचा वास अंगावरून जाण्यापूर्वीच.

कात्यूशाचे मरण मात्र त्या रात्री ओढवत नाही. ते पुढे एका रेल्वे स्टेशनवर ओढवते. नेखल्यूदॉव्हची गाडी रात्री तिथून जाणार हे कळताच गरोदर कात्यूशा वादळपावसात धावत स्टेशन गाठते. उजेडाने न्हालेल्या पहिल्या वर्गाच्या डब्यात तो आरामात बसलेला तिला काचेतून दिसतो आणि गाडी निघून जाते. देव आहे, चांगुलपणा आहे, यावरचा तिचा विश्वास त्या रात्री संपतो. टॉलस्टॉय हे अगदी कोरडेपणाने सांगतात, म्हणूनच ते अधिक भिडते. माणसाची श्रद्धा पुष्कळदा युक्तिवादाने मरत नाही. ज्यांनी ती जपायची त्यांच्या वागण्याने मरते.

मग तिचे पुन्हा उठणे कोठे सुरू होते? माझ्या मते, न्यायालयातील एका साध्या प्रश्नापासून. न्यायाधीश नाव विचारतात, तेव्हा ती वेश्यागृहातले नाव सांगते. ‘बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव काय?’ असे विचारल्यावर तिच्या तोंडून ‘कातेरिना’ हे नाव येते. संत योहानाच्या शुभवर्तमानात मरिया माग्दालिया प्रभूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा कुठे तिला ओळख पटते. टॉलस्टॉय यांच्या मनात हा प्रसंग होता की नाही, याला फारसे महत्त्व नाही. ख्रिस्ती वाचकाला हे साम्य जाणवल्यावाचून राहत नाही, हे महत्त्वाचे.

त्यानंतरचा मोठा प्रसंग तुरुंगातला. लग्नाची गोष्ट काढणाऱ्या नेखल्यूदॉव्हवर कात्यूशा उसळते. या जन्मी माझ्यापासून सुख घेतलेस, आणि आता परलोकातला उद्धारही माझ्याच जिवावर साधायला निघालास, असा तिच्या संतापाचा आशय आहे. मला वाटते, संपूर्ण कादंबरीचे मर्म या एका उद्गारात आहे. नेखल्यूदॉव्हचा पश्चात्ताप खरा आहे, पण त्याच्या केंद्रस्थानी अजून तो स्वतःच आहे. आपल्या चांगुलपणाकडे पाहून त्याचे डोळे पाणावतात. दानधर्म करणाऱ्या आणि दुसऱ्याला ‘सुधारायला’ निघालेल्या आपणा सर्वांना हा उद्गार आरसा दाखवतो. पापनिवेदनाच्या वेळीही आपण कधी कधी देवाच्या दयेपेक्षा आपल्या पश्चात्तापावरच अधिक खूष असतो.

कात्यूशा बदलते ती नेखल्यूदॉव्हच्या निर्धारामुळे कमी आणि सैबेरियाच्या वाटेवर भेटलेल्या माणसांमुळे अधिक. मारिया पावलोव्ना ही राजकीय कैदी स्वतःचे सुख विसरून इतरांची सेवा करते आणि कात्यूशा तिच्याकडे पाहत शिकते. अखेरीस तिची शिक्षा सौम्य होते, लग्नाचा मार्ग मोकळा होतो, आणि तेव्हा ती नेखल्यूदॉव्हला नकार देते. तिचे त्याच्यावर प्रेम आहे. त्याचे आयुष्य आपल्या ओझ्याखाली दबू नये म्हणून ती सिमोनसन या दुसऱ्या कैद्याची साथ स्वीकारते. देणारी आता ती आहे. जिच्याकडून सगळे हिरावून घेतले गेले, तिच्यापाशी देण्यासारखे पुन्हा काही उरले, हे खरे पुनरुत्थानाचे चिन्ह. त्यापुढे नेखल्यूदॉव्हची सारी धडपड फिकी वाटते.

आणि येथेच कादंबरीचा शेवट आपली निराशा करतो. शेवटच्या प्रकरणांत नेखल्यूदॉव्ह तुरुंगाच्या शवागारात जातो. तेथे क्रिल्त्सॉव्ह या क्षयाने गेलेल्या तरुण कैद्याचा देह पडलेला आहे. हा का जगला, याने का सोसले, हा प्रश्न नेखल्यूदॉव्हच्या मनात उभा राहतो. मुक्कामी परतल्यावर एका इंग्रज प्रवाशाने दिलेला नवा करार तो उघडतो आणि संत मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याला जीवनाचे नियम सापडतात: सदैव क्षमा करा, रागावू नका, व्यभिचार करू नका, शपथ वाहू नका, वाइटाचा प्रतिकार करू नका, शत्रूवर प्रीती करा. नव्या जीवनाची नांदी झाली, असे सांगून लेखक निरोप घेतो. या कादंबरीला शेवटच नाही. इतके लिहून सारे काही शुभवर्तमानातील एका उताऱ्यावर सोपवणे हे फारच धर्मशास्त्री झाले, असा अभिप्राय चेकॉव्ह यांनी १९०० साली एका पत्रात दिला होता. चेकॉव्ह यांची तक्रार कलेच्या अंगाने होती. मला तीच तक्रार श्रद्धेच्या अंगाने करावीशी वाटते. शवागारातल्या प्रश्नाला नियमांनी उत्तर मिळाले का? डोंगरावरील प्रवचन जिवंत माणसाने कसे वागावे ते सांगते. क्रिल्त्सॉव्हच्या देहाचे काय, याविषयी नेखल्यूदॉव्हजवळ शब्द नाही.

या कथेचा उगम जाणून घेतला, तर ही उणीव अधिकच बोचते. अनातोली कोनी या कायदेपंडिताने १८८७ साली टॉलस्टॉय यांना एक घडलेली हकिकत सांगितली होती. आपण फसवलेल्या मुलीला ज्यूरीत बसून ओळखणारा माणूस, त्याचा पश्चात्ताप, लग्नाची तयारी, सारे त्या हकिकतीत होते. पण ती खरी मुलगी लग्नापूर्वीच तुरुंगात तापाने मरण पावली. टॉलस्टॉय यांनी आपल्या नायिकेला जगवले. त्या खऱ्या मुलीचे काय? पुनरुत्थान म्हणजे केवळ जिवंतपणीचा मनोबदल असेल, तर तिच्या वाट्याला काहीच आले नाही. तिला फसवणारा सुधारला. ती मात्र मातीत गेली.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय नेमका या ठिकाणी येतो. ख्रिस्त उठला नसेल, तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे आणि ख्रिस्तामध्ये झोपी गेलेले नाश पावले आहेत, असे पौल निक्षून सांगतो. इ. स. ५५ च्या सुमारास, प्रभूला पाहिलेली माणसे हयात असताना, त्याने हे लिहिले. आपली आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. प्रत्येक धर्मगुरूला कबरीच्या काठावर उभे राहून आईवडिलांच्या डोळ्यांत पाहावे लागते. तरुण मुलाला माती देऊन परतणाऱ्या आईला ‘चांगले वागा’ असे सांगून तिचे सांत्वन होत नाही. प्रभू उठला आहे आणि तो तिच्या लेकराला उठवील, या एकाच शब्दावर ती उद्याची चूल पेटवते.

डोस्टोव्हस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीचा शेवटही सैबेरियात, ईस्टरनंतरच्या दिवसांत होतो. तेथेही एक कैदी आहे आणि नवा करार आहे. सोन्याने त्याला पूर्वी लाजरसाच्या उठण्याचा वृत्तान्त वाचून दाखवलेला आहे. रास्कोलनिकोव्हला नवजीवन लाभते, तेव्हा तो करार त्याच्या उशाखाली आहे. तो हातात घेतो, पण उघडत नाही. त्याला उठवले आहे ते सोन्याच्या प्रीतीने, जिची मुळे त्या ग्रंथातील जिवंत प्रभूमध्ये आहेत. नेखल्यूदॉव्ह ग्रंथ उघडतो आणि त्याला नियम मिळतात. दोघांच्या वाटा येथे वेगळ्या होतात.

तरीही टॉलस्टॉय यांना चुकीचे ठरवून आपण सुटकेचा श्वास टाकू नये. याच कादंबरीत तुरुंगातील उपासनेचे एक प्रकरण आहे. पवित्र विधीचे त्यातील वर्णन इतके उपहासाचे आहे की कोणाही धर्मगुरूला ते वाचताना वेदना होतात. रशियातील छापील आवृत्तीतून ते गाळावे लागले आणि १९०१ साली तेथील धर्मसभेने टॉलस्टॉय यांना बहिष्कृत केले. १९१० साली त्यांचे दफनही धर्मविधीविना झाले. त्यांच्या कबरीवर क्रूस नाही. पण त्या उपहासामागचा प्रश्न खरा आहे. बेड्यांतील माणसांसमोर प्रभूचे नाव घेतले जात असताना, त्याच्याच नावाने चाललेला अन्याय तेथे एकालाही का खुपत नव्हता? प्रभूने आपली ओळख तुरुंगातील माणसाशी जोडली आहे, हे मत्तयाचे शुभवर्तमान आपल्याला सांगते.

पोप फ्रान्सिस यांचे २०२५ मधील अखेरचे दिवस मला या संदर्भात आठवतात. दीर्घ आजारातून नुकतेच उठलेले ते वयोवृद्ध पोप पवित्र गुरुवारी रोमच्या रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. या वेळी कैद्यांचे पाय धुण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. तरी ते गेले. ईस्टरनंतरच्या सोमवारी, २१ एप्रिल रोजी ते प्रभुघरी गेले. टॉलस्टॉय यांच्या प्रश्नाला ख्रिस्तसभेने देण्याजोगे हे उत्तर आहे. तुरुंगाचे दार आणि कबरीचे दार अशा दोन्ही दारांशी ती त्याच एका प्रभूच्या आधाराने उभी राहते.

ईस्टरच्या मध्यरात्री आपणही पास्काच्या मेणबत्तीवरून आपापली मेणबत्ती पेटवतो आणि बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारतो. सकाळी नवे कपडे, गोडधोड, पाहुणे. मग सोमवार येतो. बांधावरून भावाशी धरलेला अबोला, वाडीतल्या मजुराची थकलेली मजुरी, घर सोडून गेलेल्या मुलीचे नावही न काढण्याची शपथ, हे सारे सोमवारी जसेच्या तसे राहिले, तर आपणही नेखल्यूदॉव्हसारखे त्या चर्चमध्ये केवळ हजर होतो, एवढेच म्हणावे लागेल. पुनरुत्थित प्रभूच्या हातापायांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. त्याला सोडून पळालेल्या शिष्यांना त्याने प्रथम शांती दिली. त्या व्रणांना हात लावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या व्रणांची किळस कशी येईल? चर्चच्या दारातला तो भिकारी आपलीही वाट पाहत असेल.