‘गर्द’ आणि उतारा

विषावरचा उतारा कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा. परंतु अनिल अवचट यांचे ‘गर्द’ पुन्हा वाचताना तो वाङ्मयाचाही आहे, असे आम्हांस वाटू लागले. व्यसनी माणसाचे जे चित्र समाजाने मनात धरलेले असते, त्यावरच त्याला वाचविण्याची समाजाची तयारी अवलंबून असते.

आपल्याकडे ते चित्र बहुतांशी गडकऱ्यांनी रंगविले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ची रचनाच अशी की, पहिल्या प्याल्यानंतर सुधाकराला परतीची वाट नाही. प्रेक्षक सिंधूसाठी रडतो, सुधाकराविषयी हळहळतो. त्याला वाचवावे कसे, हा प्रश्न मात्र त्याच्या मनात उभा राहत नाही. शोकनाट्य म्हणून हे मोठेच यश होय. पण पुढील पिढ्यांनी त्या शोकनाट्यालाच व्यसनाचे शास्त्र मानले, याचा दोष गडकऱ्यांकडे जात नाही.

अवचटांनी हे चित्र पालटले. १९८० नंतर मुंबई-पुण्याकडे ‘ब्राऊन शुगर’ पसरली, तिचे त्यांनी साध्या, अनलंकृत भाषेत वर्णन केले. व्यसनी माणूस येथे पापी नाही, नायकही नाही. तो रोगी आहे, आणि स्वतः बोलतो. ते लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले व १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. लेखणीतून रुग्णालय निघाल्याची अशी उदाहरणे मराठीत थोडीच.

तथापि पुस्तकाचा सारा भर विळख्यावर आणि त्यातून सुटण्याच्या धडपडीवर आहे. मात्रा जास्त होऊन, श्वास मंदावून, काही मिनिटांत जाणारा माणूस त्याच्या कक्षेत फारसा येत नाही. त्या काळी गर्द बहुधा चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढीत; सुईपेक्षा त्यात आकस्मिक मृत्यू कमी. म्हणून ही उणीव क्षम्य आहे. आज ती जाणवते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आढळले, आणि त्यांत वेदनाशामक औषधांचा वाटा मोठा आहे.

या मृत्यूवर उतारा आहे. नॅलोक्सोन हे औषध १९६१ पासून ज्ञात आहे. ते थांबू पाहणारा श्वास परत आणते. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते व्यसनी माणसाच्या सोबत्यांच्या व घरच्यांच्या हाती असावे, अशी शिफारस केली. २०२३ साली अमेरिकेत त्याचा नाकात मारावयाचा फवारा चिठ्ठीवाचून मिळू लागला. प्रतिपक्ष म्हणतो, उतारा उशाशी असला की विषाची भीती जाईल. हा आक्षेप आम्हांस ‘एकच प्याला’च्या प्रेक्षागृहातून आलेला वाटतो. ज्याला हे औषध दिले जाते त्याला सुख लाभत नाही. तो एकदम तळमळत जागा होतो. त्याची हाव कोणी धरील, हे संभवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधाचा अंमल तास-दीड तासात ओसरतो, विषाचा कधी कधी त्याहून टिकतो. तेव्हा दवाखाना चुकत नाही.

बीड जिल्ह्यातील नेकनूरसारख्या बाजाराच्या गावी हा वाद परका वाटेल. पण तेथेही सर्पदंश झालेल्यास, ‘अंधारात अनवाणी का हिंडलास?’ असे विचारून लस नाकारीत नाहीत. ती लस घोड्याच्या रक्तापासून होते, अंगावर उलटू शकते, म्हणून ती डॉक्टरच्याच हाती हवी. नॅलोक्सोनचे तसे नाही; शरीरात अफूचा अंश नसेल तर ते जवळजवळ निरुपद्रवी आहे. आणि अफू तरी परकी कुठे? रडणाऱ्या मुलांना अफूची बाळागोळी देणारी घरे महाराष्ट्राने पाहिली आहेत. विष घरात होते. उतारा तेवढा नव्हता.

‘गर्द’ची नवी आवृत्ती निघेल तेव्हा प्रकाशकांनी तिला चार पानांची पुरवणी जोडावी: ओठ निळे पडले, श्वास घरघरू लागला, तर १०८ वर दूरध्वनी करावा, माणसास कुशीवर वळवावे, आणि हे औषध मागावे. भाषा अवचटांसारखी साधी असली म्हणजे झाले.