एकाच पडद्यापुढे तीन पिढ्या : कार्टून-मालिकांतील संबोधनाचा विचार

१

कुटुंबातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावे असे कार्टून कसे निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती सोयीचा वाटतो. स्ट्रीमिंग सेवांनी असंख्य मालिका घरोघर आणून सोडल्यापासून तो आईबापांना नित्य पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा मालिकेवरील वयोगटाच्या शिक्क्यावरून दिले जाते. तथापि या प्रश्नाच्या मुळाशी साहित्यविचाराला पूर्वीपासून परिचित असलेला एक प्रश्न आहे : एकच कलाकृती भिन्न वयाच्या, भिन्न अनुभवाच्या आणि भिन्न भाषासामर्थ्याच्या प्रेक्षकांना एकाच वेळी कशी संबोधू शकते? या संबोधनाचे प्रकार ध्यानात घेतल्यावाचून निवडीचा निकष हाती लागणार नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तीत देव ब्रह्मदेवाकडे 'क्रीडनीयक' मागतात. म्हणजे जे पाहताही येईल व ऐकताही येईल असे खेळणे. ते सर्व वर्णांसाठी असावे, अशीही त्यांची मागणी आहे. त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांच्या रुचिभेदाची गणना येते. तरुणांस शृंगार, शूरांस वीर व रौद्र, वृद्धांस धर्मकथा रुचते असे सांगून भरताने बालकांस हास्य आणि वेषभूषा यांवर संतुष्ट ठेवले आहे. बालकांच्या पंक्तीस त्याने मूर्ख व स्त्रिया यांना बसविले, ती पंक्ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रुचिभेद एवढा स्पष्ट दिसत असूनही भरताने प्रत्येक रुचीसाठी निराळा रंगमंच उभारण्याची सूचना केलेली नाही.

स्ट्रीमिंग सेवांची व्यवस्था नेमकी याच्या उलट आहे. तेथे घरातील प्रत्येकाचे प्रोफाइल निराळे, मुलांचे त्याहून निराळे, आणि प्रत्येकाच्या हातातील पडदाही निराळा. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा कार्यक्रमांसाठी 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि 'ए' असे पाच वर्ग ठरविले. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. पण ते स्वभावतः निषेधाचे आहे. अमुक मालिका सात वर्षांच्या मुलास अपायकारक नाही एवढेच ते सांगते. तीच मालिका चाळिशीच्या बापास आणि सत्तरीच्या आजीस रमवील काय, याविषयी ते मौन पाळते, आणि त्याने ते पाळावे हेच योग्य. रुचीचा निर्णय समीक्षेने करावयाचा असतो.

२

बालसाहित्यातील संबोधनाचा विचार बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या तीन संज्ञांना मराठीत एकलक्षी, दुहेरी आणि संयुक्त संबोधन असे म्हणता येईल. एकलक्षी संबोधनात निवेदक केवळ बालकाशी बोलतो. दुहेरीत तो बोलतो बालकाशी, पण बालकाच्या डोक्यावरून प्रौढाकडे पाहून डोळा मिचकावतो. संयुक्त संबोधनात एकाच स्वराने दोघांशी बोलणे साधलेले असते. वॉल यांचे विवेचन कथनात्मक साहित्यापुरते आहे. परंतु कार्टूनलाही ते सहज लागू पडते.

'सहकुटुंब पाहण्याजोगे' म्हणून नावाजलेली बरीचशी कार्टूने वस्तुतः दुहेरी संबोधनाची असतात. 'श्रेक' (२००१) या चित्रपटात मुले गाढवाच्या बडबडीला हसतात आणि मोठी माणसे परीकथांच्या विडंबनाला व मधूनमधून पेरलेल्या द्व्यर्थी शब्दांना. 'शिन-चॅन'चे उदाहरण याहून बोलके आहे. ही चित्रकथा १९९० मध्ये जपानमध्ये प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिची दूरचित्रवाणी-मालिका झाली. पाच वर्षांचा मुलगा मोठ्यांचे शब्द अर्थ न कळता उच्चारतो, यावर तिचा विनोद उभा आहे. म्हणजे मुलाचे अज्ञान हाच प्रौढांच्या हसण्याचा विषय ठरतो. त्या मालिकेतील मध्यमवर्गीय संसाराचे चित्रण जिव्हाळ्याचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती पाहताना मूल जेव्हा "बाबा, तुम्ही का हसलात?" असे विचारते, तेव्हा बापाला विषय बदलावा लागतो. दोघे एका खोलीत असतात, पण एका अर्थात नसतात.

याच्या दुसऱ्या टोकाला 'टॉम अँड जेरी' आहे. १९४० मध्ये सुरू झालेल्या या लघुपटमालेत वयाचा भेदच उरत नाही. मांजराच्या डोक्यावर तवा आदळला की नातू आणि आजोबा एकाच क्षणी, एकाच कारणासाठी हसतात. हा आनंद निर्भेळ आहे आणि त्यास कमी लेखण्याचे प्रयोजन नाही. मात्र येथे आजोबांना आपल्या आयुष्यातील काहीच बरोबर आणावे लागत नाही; सत्तर वर्षांचा अनुभव दाराबाहेर ठेवूनच ते आत येतात. प्रेक्षक शेजारी बसतात, पण एकाला दुसऱ्याची गरज पडत नाही.

हा भेद आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमका मांडता येतो. श्लेषात दोन्ही अर्थ वाच्य असतात. ते एकमेकांवाचून उभे राहू शकतात आणि म्हणून दोन श्रोत्यांत वाटूनही देता येतात. ध्वनीत वाच्यार्थ एक असतो आणि दुसरा अर्थ त्याच्यातूनच व्यंजित होतो. वाच्यार्थ ओलांडून व्यंग्यार्थाकडे जाण्याची आडवाट नाही. दुहेरी संबोधनाची कार्टूने श्लेषाच्या जातीची होत. संयुक्त संबोधनाची ध्वनीच्या जातीची. कुटुंबाने एकत्र पाहावयाचे कार्टून या दुसऱ्या जातीचे असावे. म्हणजे त्यात मुलाला जो अर्थ कळतो, त्यातूनच प्रौढाचा अर्थ उगवला पाहिजे.

३

या निकषावर 'ब्लुई' या ऑस्ट्रेलियन मालिकेचे परीक्षण करणे उद्‌बोधक ठरेल. जो ब्रम यांनी निर्मिलेली आणि ब्रिस्बेन येथील लुडो स्टुडिओने तयार केलेली ही मालिका २०१८ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि पुढे डिझ्नीच्या स्ट्रीमिंग सेवेमार्फत जगभर पोहोचली. ब्लुई आणि बिंगो या दोन बहिणी, बँडिट हा बाप आणि चिली ही आई, असे हे कुत्र्यांचे चौकोनी कुटुंब. प्रत्येक भाग सुमारे सात मिनिटांचा. बहुतेक भागांत कोणता तरी खेळ असतो, आणि खेळाच्या नियमांतूनच कथानक घडते.

'स्लीपीटाइम' या भागात धाकटी बिंगो रात्रभर स्वतःच्या बिछान्यात झोपण्याचा निश्चय करते. स्वप्नात ती ग्रहमालेत विहरते. तिला ऊब देणाऱ्या सूर्यात आईच असल्याची जाणीव होते. पार्श्वभूमीला होल्स्टच्या ग्रहविषयक रचनेतील गुरूचे संगीत आहे. इकडे जागेपणी घरातील माणसे रात्रभर या खोलीतून त्या खोलीत, या बिछान्यातून त्या बिछान्यात जात राहतात. मुलाला यात दिसते ते असे की, दूर गेले तरी आई असतेच. आईला त्याच चित्रांत दिसते की, मूल आता दूर जाऊ लागले. हे दोन अर्थ निरनिराळ्या वाक्यांत ठेवलेले नाहीत. दुसऱ्याची वेदना पहिल्याच्या दिलाशातूनच निर्माण होते.

'कॉपीकॅट' या भागात जखमी झालेला एक लहानसा पोपट पशुवैद्याकडे नेऊनही मरतो. घरी आल्यावर ब्लुई त्या प्रसंगाचा खेळ मांडते. खेळात तरी पक्षी वाचावा असे मोठ्यांना वाटते. मुलीला मात्र घडले तसेच खेळावयाचे असते. मृत्यूसंबंधी एकही उपदेश न करता सात मिनिटांत हा भाग दाखवितो की, अनुकरण हा मुलाचा समजून घेण्याचा मार्ग आहे. आजी, आई आणि मूल या तिघांनाही हा भाग पाहताना आपापले मृत्यू आठवतील. आणि त्याविषयी मुलाने प्रश्न विचारला तर विषय बदलण्याची पाळी येणार नाही.

'ग्रॅनीज' हा भाग तीन पिढ्यांना थेट पडद्यावर आणतो. दोघी बहिणी म्हाताऱ्यांची सोंगे घेतात. म्हाताऱ्यांना 'फ्लॉस' हा नाच येतो की नाही, यावर त्यांचे भांडण जुंपते. व्हिडिओ कॉलवर खऱ्या आजीला विचारले जाते आणि तिला तो येत नाही असे ठरते. ब्लुईचे म्हणणे खरे ठरते, पण बिंगोचा खेळातला रस उडतो. खरे ठरणे हवे की खेळ चालू राहणे हवे, हा पेच आईने पुढे ठेवल्यावर ब्लुई आजीला तो नाच शिकविते. हा पेच सहा वर्षांच्या मुलीस समजतो, आणि पन्नास वर्षे संसार केलेल्या माणसास तो अधिकच समजतो.

४

मालिकेचे गुण सांगताना तिच्या मर्यादा झाकणे उचित नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये आलेला 'द साइन' हा अठ्ठावीस मिनिटांचा विशेष भाग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. बापाच्या नव्या नोकरीसाठी घर विकून दुसऱ्या शहरी जाण्याचा बेत होतो. शाळेतील शिक्षिका मुलांना एका शेतकऱ्याची बोधकथा सांगते : घडलेले चांगले की वाईट, हे आताच ठरवू नये. कथानकाने या बोधाशी प्रामाणिक राहून कुटुंबाला जाऊ दिले असते, तर स्थलांतराचे दुःख आणि त्यातील शक्यता दोन्ही प्रेक्षकांपुढे उरल्या असत्या. प्रत्यक्षात खरेदीदार दुसरे घर पसंत करतात आणि बाप विक्रीची पाटी उपटून टाकतो. बोधकथेने जो निर्णय लांबणीवर टाकावयास सांगितला, तो कर्त्यांनी घाईने, मुलांच्या इच्छेप्रमाणे देऊन टाकला. येथे प्रौढांची चिंता आणि मुलांचे समाधान हे दोन अर्थ अलग पडतात, आणि मालिका आपल्या नेहमीच्या संयुक्त स्वरापासून ढळते.

दुसरी मर्यादा समाजचित्रणाची. ब्लुईच्या घरी आजी पाहुणी म्हणून किंवा व्हिडिओ कॉलवर भेटते. बापाला खेळावयास वेळ आणि अंगण दोन्ही भरपूर असतात. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला हे चित्र काहीसे दूरचे वाटल्यास नवल नाही.

५

मराठी कुटुंबाच्या बाबतीत या सर्व विचाराला एक भाषिक बाजू आहे, आणि ती गौण नव्हे. ज्या घरी आजीची भाषा मराठी आणि नातवंडाच्या कार्टूनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असते, तेथे एकत्र पाहणे म्हणजे एकमेकांस सांगत पाहणे होय. अशा घरात श्लेष आणि ध्वनी यांतील भेद आपोआप उघडा पडतो. शब्दाच्या दुहेरी अर्थावर उभा असलेला विनोद भाषांतरात गळून जातो. प्रसंगातून व्यंजित होणारा अर्थ मुलाच्या मोडक्यातोडक्या मराठीतूनही आजीपर्यंत पोहोचतो.

ऑटमार गुटमान यांची 'पिंगू' ही १९९० मध्ये सुरू झालेली मातीच्या बाहुल्यांची स्विस मालिका या बाबतीत टोकाचा पुरावा देते. तीत कार्लो बोनोमी यांनी जे बोल घातले, ते कोणत्याच भाषेतील नाहीत. तरीही केवळ स्वराघात, सूर आणि विराम यांवरून राग, लाडीगोडी व पश्चात्ताप सर्वांना उमजतो. पण भाषाच नसल्यामुळे तेथे भाषांतराची, म्हणून सांगण्याचीही, गरज कमी पडते.

'ब्लुई'चे मराठीकरण करू पाहणाऱ्यास मात्र पदोपदी निर्णय घ्यावे लागतील. इंग्रजीत मुली बापाला जे सर्वनाम वापरतात, त्यात आदर-अनादराचा भेद नाही. मराठीत "बाबा, तू घोडा हो" आणि "बाबा, तुम्ही घोडा व्हा" ही दोन निराळी घरे आहेत. मूळ मालिकेत बाप खेळगडी आहे, म्हणून 'तू' स्वाभाविक; पण 'तुम्ही' म्हणून बापाला घोडा बनविण्यात जी गंमत आहे, ती मूळ संहितेस उपलब्धच नाही. मूळातील आजीला मुली 'नाना' म्हणतात. मराठी कानाला ते नाव घरातील वडीलधाऱ्या पुरुषाचे वाटते, तेव्हा तेथे 'आजी'च हवी. दोघी बहिणी म्हाताऱ्यांचे सोंग आणतात, तेव्हा "अगोबाई" किंवा "मेलं लक्षातच राहत नाही" अशी बोली त्यांच्या तोंडी घालावी लागेल. ती बोली मुलांना कोठून मिळावी? ती ज्यांच्या तोंडी अजून आहे, त्या आजीकडूनच.

येथे या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. मराठीच्या भवितव्याची चर्चा शाळा आणि शासन यांच्या संदर्भात पुष्कळ होते. परंतु नातवंड आणि आजी यांच्यात बोलण्याचे विषयच उरले नाहीत, तर त्या दोघांमधील मराठी जेवणखाण आणि प्रकृतीची चौकशी यांपुरती आक्रसते. पोपट मेल्यावर त्याचा खेळ का करावासा वाटला, हे मुलाने आजीला मराठीत सांगू पाहणे, त्यासाठी त्याला शब्द न सापडणे आणि आजीने तो पुरविणे, ही भाषासंक्रमणाची अत्यंत साधी आणि प्रभावी क्रिया आहे. कानाला यंत्र लावून स्वतंत्र पडद्यावर एकट्याने पाहिलेली उत्तम मालिकाही ती घडवू शकत नाही.

६

एतावता निवडीसाठी दोन कसोट्या पुढे येतात. प्रौढ जेथे हसला वा गहिवरला, तेथे मुलाने "का?" असे विचारल्यास त्याला खरे उत्तर देता यावे, ही पहिली. पाहिलेली गोष्ट घरच्या भाषेत पुन्हा सांगितली असता तिचा गाभा शिल्लक राहावा, ही दुसरी. पहिलीवर 'शिन-चॅन' अनेकदा अडखळते, दुसरीवर 'श्रेक'चा बराच भाग गळतो. 'टॉम अँड जेरी' दोन्हींतून सुटते, कारण तेथे विचारण्याजोगे व सांगण्याजोगे फारसे नसते. 'ब्लुई'चे बहुसंख्य भाग दोन्हींस उतरतात, काही उतरत नाहीत. या कसोट्या कोणत्याही शिक्क्यावर छापता येणार नाहीत. त्या लावण्यासाठी घरातील एका मोठ्या माणसाने मुलाशेजारी बसून सात मिनिटे पाहिले पाहिजे, आणि पाहून झाल्यावर पुढचा भाग आपोआप सुरू होण्यापूर्वी तो थांबविला पाहिजे.