उतारा मिळाला, मोजणीचं काय?

मंडळी, आजचा विषय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा आहे. पण प्रश्न रोजचाच आहे. आपल्या हातातल्या यंत्रात नेमकं काय बसवलंय, हे आपल्याला कोण सांगतं? आणि त्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा?

लिनक्सपुरतं बोलू. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीपासून कर्नल ‘/सिस’ या पत्त्यावर हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो. या फाइली डिस्कवर नसतात. आपण उघडली की कर्नल त्याच क्षणी उत्तर देतो. एका फाइलीत शक्यतो एकच माहिती, असा दंडक आहे. रास्पबेरी पायसारख्या एआरएम बोर्डावर आणखी एक गोष्ट असते, डिव्हाइस ट्री. तिथले बरेचसे भाग स्वतःची ओळख सांगू शकत नाहीत. म्हणून त्यांचं वर्णन लिहून, मशीन सुरू होतानाच कर्नलच्या हाती दिलं जातं. पूर्वी हे वर्णन बोर्डागणिक कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेलं असायचं. २०११ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर वैताग काढला आणि एआरएमवाले झपाट्यानं डिव्हाइस ट्रीकडे वळले. आज ते अख्खं झाड ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’ इथे बघायला मिळतं.

हा मोकळेपणा मोठा आहे, हे आधी मान्य करू. जुना लॅपटॉप घेताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. तरीही आमच्या तीन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार: दिसतं, पण कळत नाही. डिव्हाइस ट्रीत मॉडेलचं नाव सरळ वाचता येतं. पण पत्ते आणि जोडण्यांच्या फाइली उघडल्या की स्क्रीनवर नुसती चिन्हं उमटतात, कारण आत कच्चे बाइट आहेत. त्यांचा अर्थ सांगणारे कागद कर्नलच्या सोर्समध्ये, चालत्या मशीनवर नव्हे. पीसीआय कार्डांचंही तेच. एकेकाळी कर्नलच्या पोटात त्यांच्या नावांची यादी असे, २.६ च्या काळात ती काढली, आता फक्त क्रमांक मिळतो. कारण रास्त आहे: रोज वाढणारी यादी कर्नलने का वागवावी? पण इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये, जुनी यादी घेऊन बसलेल्या पोराला नवं कार्ड म्हणजे नुसता आकडा. इथे अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण. ती पूर्ण पसरून ठेवली तरी परिभाषा ठाऊक नसेल तर आपण कापडच बघणार.

दुसरी: काय झाकायचं याला एक धोरण नाही. साध्या पीसीवर मदरबोर्डचा सिरियल नंबर फक्त रूट वाचू शकतो. त्याच पीसीला लावलेल्या पेनड्राइव्हचा सिरियल नंबर मात्र कुणीही वाचावा. डिव्हाइस ट्रीत तर ज्या नोंदीचं नाव ‘सिक्युरिटी-’ने सुरू होतं तेवढीच झाकली जाते, त्यामुळे बोर्डाचा सिरियल नंबर उघडाच. सिस्टिम पुन्हा टाकली तरी तो बदलत नाही. म्हणजे कोणताही साधा प्रोग्राम मशीन ओळखणार, आणि मशीनवरून माणूस.

तिसरी तक्रार आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते. सातबाऱ्यावर पीकपेऱ्यात कापूस असतो आणि रानात सोयाबीन; उताऱ्यावर एक क्षेत्र असतं आणि मोजणी आली की दुसरंच निघतं. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. कर्नलही पुष्कळदा उताराच देतो. बाजारात नकली पेनड्राइव्ह मिळतात. आत थोडी मेमरी असते, पण विचारलं की ५१२ जीबी सांगतात. कर्नल तो आकडा जसाच्या तसा मांडतो. लग्नाचे फोटो भरले जातात, कॉपी झाल्याचा संदेश येतो, आणि महिन्याने निम्म्या फाइली उघडत नाहीत. खरी मोजणी करायची तर एफ-थ्रीसारखा प्रोग्राम चालवून पूर्ण ड्राइव्ह लिहून परत वाचावा लागतो.

यावर उत्तर येतं, की मोजणी हे कर्नलचं काम नव्हे. कबूल. पण यंत्राने सांगितलेलं आणि कर्नलने स्वतः तपासलेलं एकाच तोंडवळ्याच्या फाइलींत शेजारीशेजारी ठेवायचं आणि फरक कुठे नोंदवायचा नाही, हे कसं चालेल? प्रत्येक माहितीच्या दस्तऐवजात तिचा उगम लिहावा, एवढंच मागणं आहे. ते आताच करायला हवं. कर्नलचा बाणा असा, की वापरात असलेले प्रोग्राम मोडायचे नाहीत. त्यामुळे एकदा उघडी केलेली फाइल मागे घेणं फार जड जातं. तोवर आपण एवढं करू: पेनड्राइव्ह घेतला की फोटो टाकण्याआधी तो एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघू.