थाळनेर : एका सीमावर्ती गांवाच्या इतिहासाचें परीक्षण

खानदेशच्या इतिहासाच्या अभ्यासकास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड (१८८०) टाळतां येत नाहीं. त्यामागील परिश्रमांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तथापि त्यांत इतिहास एका प्रकरणीं व स्थळवर्णन दुसऱ्या प्रकरणीं वर्णानुक्रमानें आल्यामुळें थाळनेरची भूमि आणि थाळनेरचा इतिहास यांची फारकत झाली आहे. ती दूर केल्यावांचून या गांवास न्याय मिळणार नाहीं.

थाळनेर हें धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत तापीच्या उत्तर तीरावर आहे. उत्तरेस सातपुडा व त्यांतून माळव्यांत उतरणारी सेंधव्याची वाट; पश्चिमेस गुजरात; दक्षिणेस दख्खन. हें गांव तीन प्रदेशांचा उंबरठा होय. फिरोजशहा तुघलखानें १३७० मध्यें थाळनेर व करवंद हीं ठाणीं मलिक राजास दिलीं, आणि येथूनच फारुकी घराण्याचा उदय झाला. १३९९ मध्यें मलिक राजा मृत्यु पावला. त्याची कबर येथेंच आहे. पुढें त्याच्या पुत्रांत तंटा लागला, तेव्हां थोरल्या नसीरखानानें माळव्याच्या साह्यानें १४१७ मध्यें धाकट्याकडून थाळनेर घेतलें, आणि त्या कलहांत गुजरातचा सुलतानही उतरला. देहलीवरील दीप आंत-बाहेर दोन्हींकडे उजेड देतो. परंतु वाराही त्यास दोन्हींकडून लागतो.

या दृष्टीनें १८१८ चें प्रकरण पाहावें. महीदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस दिला. सर टॉमस हिस्लॉप सेंधव्याचा घाट उतरून २७ फेब्रुवारीस थाळनेरवर आला. किल्ला स्वाधीन करण्याचें बोलणें चालू असतां दरवाज्यांत चकमक उडाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर पडले. मग किल्ल्यांतील सुमारें तीनशें शिबंदीची कत्तल झाली, आणि किल्लेदार तुळशीराम यास फांशी देण्यांत आलें.

या प्रसंगाचा प्रचलित वृत्तांत मुख्यतः इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या लेखनावर उभा आहे. त्याच फौजेंतील अधिकारी ब्लॅकर याचा ग्रंथ १८२१ चा. त्याची किंमत मोठी. परंतु वादी स्वतःच न्यायाधीश झाला असतां जी सावधगिरी पाहिजे, ती येथेंही पाहिजे. बोलणीं चालतां दोन अधिकारी मारले गेले, हा दोष शिबंदीकडे येतोच. तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु किल्लेदारास कोणत्या न्यायानें फांशी दिलें? तो होळकरांचा चाकर मानला, तर धन्याची आज्ञा मोडल्याची शिक्षा धन्यानें द्यावयाची. तो इंग्रजांचा शत्रु मानला, तर पाडाव झालेल्या शत्रूस फांशी कशी? खुद्द ब्रिटिश पार्लमेंटनें मार्च १८१९ मध्यें या युद्धाबद्दल आभार मानतांना हें प्रकरण आपल्या संमतींतून वेगळें ठेविलें. मग आम्हींच त्यास ‘विश्वासघात’ या एका शब्दांत कां गुंडाळावें?

आमच्या मतें तुळशीरामाच्या पायांखालची जमीन सात आठवड्यांपूर्वीं दूर मंदसोरास दुसऱ्याची झाली होती. सीमा कागदावर हलते, माणूस मात्र दरवाज्यांत उभा असतो. थाळनेरचा पुढील इतिहासकार ग्रंथांबरोबर नकाशाही उघडील, आणि एकदां तरी तापीकांठच्या त्या पडक्या तटावर जाऊन उत्तरेकडे पाहील, तर आमचें हें परीक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.