अंतर कशाने मोजायचे?

वणीहून राजूर कॉलरीकडे जाताना चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबले, तर वऱ्हाडीबरोबर तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी कानांवर पडते. बाजाराच्या दिवशी त्यात झरी-मारेगावकडची गोंडी आणि कोलामीही मिसळते. खाणीतली बोली मात्र हिंदी. एका तालुक्यातला हा पसारा व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात शोधायला गेलो, तेव्हा तिथे ‘भारत’ नावाचा एकच आकडा सापडला : ७७.

हा आकडा गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचा. ‘सत्तेचे अंतर’, म्हणजे वरच्याचा अधिकार खालचा किती निमूटपणे मान्य करतो, याचे ते माप. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. त्यांवर उभे राहिलेले ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हे पुस्तक १९८० साली आले. परदेशी जाणाऱ्या कंपनीने दोन देशांच्या आकड्यांतले अंतर पाहावे आणि साहेबांना त्याप्रमाणे तयार करावे, ही पद्धत पुढे या पुस्तकाच्या आधाराने रुजली.

एका कंपनीच्या नोकरांवरून अख्ख्या राष्ट्राची संस्कृती कशी ठरवता, असा आक्षेप ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये घेतला. तो रास्तच आहे. खाणीपुरता मला त्याहून मोठा दोष दिसतो तो वेगळा. प्रश्नावली भरणारा प्रत्येक जण कंपनीच्या पगारपत्रकावर होता. खाण मात्र जमिनीवर बसते, आणि ती जमीन ज्याची असते तो बहुधा पगारपत्रकावर नसतोच. त्यामुळे ज्याच्याशी खरा व्यवहार व्हायचा, तोच या मोजमापाच्या बाहेर राहतो.

याची परीक्षा मोझांबिकमध्ये झाली. आपला तिथला संबंध दूरचा नाही. उकणी, निलजई, कोलारपिंपरी या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी. त्याच कोल इंडियाने २००९ मध्ये मोझांबिकच्या टेटे प्रांतात दोन कोळसापट्ट्यांच्या शोधाचे परवाने मिळवले आणि ‘कोल इंडिया आफ्रिकाना लिमिटाडा’ ही कंपनी काढली. कोळसा अपेक्षेइतका चांगल्या प्रतीचा निघाला नाही आणि प्रकल्प पुढे सरकला नाही. संस्कृतीची गाठ पडण्याआधी भूगर्भानेच निकाल दिला.

त्याच प्रांतात मोआटिझे येथे ब्राझीलची वाले ही कंपनी उतरली होती. पुस्तकी हिशेबाने याहून सोपी जोडी मिळणे कठीण. दोन्ही देश पोर्तुगालच्या वसाहती, दोन्हीकडे कारभाराची भाषा पोर्तुगीज. दुभाषी नेमण्याचीही गरज नाही. वालेने २००९-१० मध्ये तेराशेहून अधिक कुटुंबे हलवली. शेतीवाल्यांना काटेमे या नव्या वस्तीत पाठवले. ती जागा मोआटिझेपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. जुन्या गावाला नदी जवळ होती, सरपण आणि कोळसा विकायला बाजार जवळ होता. नव्या जागी जमीन कोरडी, पाण्याचे हाल, बाजार लांब. १० जानेवारी २०१२ रोजी काटेमेच्या लोकांनी कोळशाची रेल्वे अडवली. ह्यूमन राइट्स वॉचने २०१३ मध्ये यावर अहवाल काढला. त्याचे शीर्षकच विचारते, की अन्नावाचून घर ते कसले?

भाषेचे अंतर शून्याजवळ होते. नदीचे, बाजाराचे, पाण्याचे अंतर वाढले होते. तक्रार त्या अंतराची होती. तिला ‘सांस्कृतिक आव्हान’ म्हटले, की उत्तर म्हणून प्रशिक्षणवर्ग पुढे येतो आणि पाण्याची मागणी मागे पडते.

मग संस्कृतीला काही अर्थच नाही का? आहे, आणि त्याचे उदाहरण खाणीतच सापडते. आपल्या खाणकायद्यात ‘सरदार’ हे अधिकृत पद आहे. पूर्वी मजुरांची टोळी आणणारा, त्यांची बोली जाणणारा तो सरदार. पुढे छत तपासणे आणि धोका दिसला तर माणसे बाहेर काढणे ही जबाबदारी नियमांनी परीक्षा पास झालेल्या सरदारावर टाकली. धोक्याची हाक समजली नाही तर माणूस मरतो. म्हणून लोकांच्या तोंडचा शब्द कायद्याला घ्यावा लागला. खाणीच्या आत भाषा जिवाची गोष्ट आहे, हे व्यवस्थेला कळले होते. खाणीच्या काठावर मात्र ते कळल्याचे दिसत नाही.

काठावरचा व्यवहार पाहा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी हे सूत्र आहे. कोरडवाहू कपाशीच्या प्रदेशात कायम नोकरी ही लहान गोष्ट नव्हे, आणि अनेक घरे तिने सावरलीही. पण जमीन घरातल्या सगळ्यांची असते, नोकरी एकाच्या नावाची. जमीन वाटणीत लहान होते, पण पुढच्या पिढीला उरते. नोकरी निवृत्तीला संपते. बहिणीचा, म्हाताऱ्या आईचा, शेतावर राबणाऱ्या मजुराचा हिस्सा या भाषांतरात कुठे जातो? कोलारपिंपरी ते नागपूर हे भाषांतर धड होत नसेल, तर नागपूर ते टेटे ते होईल कसे?

२०२२ मध्ये वालेची मोआटिझेची खाण जिंदाल समूहाच्या वल्कन कंपनीने घेतली. म्हणजे काटेमेच्या शेजारी आता भारतीय मालक आहे. त्याच्या व्यवस्थापकांना न्युंग्वे भाषेतले नमस्कार शिकवले जातील तर चांगलेच. पण त्याआधी त्यांना काटेमे ते नदी हे अंतर पायी चालायला लावावे. आणि येणाऱ्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत देशांच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असावा : खाण येण्यापूर्वी या माणसाच्या घरापासून पाणी किती लांब होते, आणि आता किती आहे.