प्राचीन तापमान आणि आजची चिंता : मुंबईतील पुराव्यांच्या संदर्भात

‘पृथ्वीचे तापमान पूर्वीही कमी-अधिक होत आले आहे, मग आजच एवढा गहजब कशासाठी?’ हा प्रश्न चर्चासत्रांतून वारंवार विचारला जातो. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. त्यातून सुचवला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

मुंबईत प्राचीन बदलाचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली गाडले गेलेले जंगल सापडले. खैराची शेकडो खोडे, त्यांतील बरीच मुळांवर उभी! जेथे पुढे जहाजे नांगरली, तेथे एके काळी कोरडी जमीन होती. उदाहरण मोहक आहे, आणि म्हणूनच जपून वापरावयाचे. समुद्र चढला की जमीन खचली, याचा निर्णय केवळ त्या खोडांवरून होत नाही. स्थानिक अवशेषाला जागतिक तापमानाचा साक्षीदार करण्यात घाई होते, ती दोन्ही पक्षांकडून.

अंटार्क्टिकातील हिमगाभ्यांची साक्ष अधिक भक्कम आहे. त्यांतील बुडबुड्यांत कोंडलेली प्राचीन हवा सांगते की, गेल्या आठ लाख वर्षांत औद्योगिक युगापूर्वी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षांश ३०० च्या आसपासच थांबले. आज ते ४२० च्या पुढे आहे. यावर आक्षेप असा की, हिमयुगे सरताना तापमान आधी वाढले, वायू मागाहून. आक्षेपातील निरीक्षण बव्हंशी खरे आहे. तेव्हा आरंभ पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनी केला आणि समुद्रातून सुटलेल्या वायूने ती वाढ बळावली. आज आरंभच जळत्या इंधनातून होतो. गतीचा फरक तर अधिकच बोलका आहे. शेवटचे हिमयुग सरताना सुमारे पाच अंशांची वाढ होण्यास हजारो वर्षे लागली. गेल्या पावणेदोनशे वर्षांतच एक अंशाहून अधिक वाढ झाली आहे.

कुलाबा वेधशाळेच्या, १८४१ पासून सुरू झालेल्या हवामाननोंदींचा वापरही असाच सैल होतो. १९ एप्रिल १९५५ रोजी तेथे ४०.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, एवढ्यावरून ‘पूर्वीच अधिक उकाडा होता’ असे म्हणणे म्हणजे एका दिवसाला कल समजणे होय. उलट, २६ जुलै २००५ चा प्रलय हा तापमानवाढीचा निर्णायक पुरावा मानणाऱ्यांनीही त्या दिवशीचे दोन आकडे शेजारी ठेवावेत : सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३.

मात्र सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण कालखंडात, तापमान आजच्याहून फारसे वेगळे नसताना, समुद्र सहा मीटर किंवा त्याहून अधिक उंच होता, हे विसरता येत नाही. सात बेटांमधील खाड्या बुजवून वसलेल्या शहराला ही नोंद परकी नाही. तितकी वाढ शतकांचा हिशेब आहे. परळ-दादरच्या सीमेवरील खोलगट हिंदमाता परिसराचा प्रश्न त्याहून जवळचा. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यावर तेथील पाणी तुंबते. समुद्र काही इंचांनी जरी वर आला, तरी पर्जन्यजल वाहून नेणाऱ्या नाल्यांची मुखे प्रत्येक भरतीत आणखी किती वेळ पाण्याखाली राहतील, हे मोजावे लागेल.