विचारमंथनात विचार कोण करतो?

सर्जनशीलता वाढवण्याचे उपाय सांगणाऱ्या पुस्तकांना आणि कार्यशाळांना तोटा नाही. त्यांतला एक उपाय आता शाळांमध्येही चांगला रुळला आहे. शिक्षक एक प्रश्न मांडतात, मुले सुचेल ते सांगत जातात, कोणी कोणाच्या कल्पनेला नावे ठेवायची नाहीत आणि सगळे काही फळ्यावर उतरवायचे. इंग्रजीतल्या या ब्रेनस्टॉर्मिंगला मराठीत ‘विचारमंथन’ म्हणतात. तास रंगतो, फळा भरतो. पण या पद्धतीने कल्पना खरोखरच वाढतात का? विज्ञानाच्या शिक्षकांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा. कारण त्याचे उत्तर प्रयोग करून शोधलेले आहे.

या पद्धतीचा जनक ॲलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकन जाहिरात व्यवसायातला माणूस, ‘बीबीडीओ’ या जाहिरात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याचे ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नियम चार: टीका पुढे ढकला, कल्पनेला मोकळे सोडा, जास्तीत जास्त कल्पना काढा आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. सर्जनशीलता ही मोजक्या प्रतिभावंतांची मिरास नाही, ती सरावाने वाढते, हा ऑस्बर्नचा आग्रह कोणाही शिक्षकाला जवळचा वाटेल.

परंतु या पुस्तकात दोन वेगळी विधाने एकमेकांत मिसळली आहेत. पहिले असे की, कल्पना सुचत असताना टीका बाजूला ठेवावी. दुसरे असे की, एकट्याने विचार करण्यापेक्षा गटात बसल्यावर माणसाला दुप्पट कल्पना सुचतात. पहिले विधान मनाच्या शिस्तीविषयी आहे, दुसरे गटाच्या सामर्थ्याविषयी. एक खरे ठरले म्हणून दुसरे खरे ठरत नाही.

दुसऱ्या विधानाची कसोटी १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी घेतली. ९६ विद्यार्थ्यांपैकी ४८ जण चौघाचौघांच्या गटांत बसले आणि ४८ जणांनी एकेकट्याने काम केले. नियम सर्वांना ऑस्बर्नचेच होते. शाळांतली विद्यार्थिसंख्या वाढत गेली तरी शिक्षण परिणामकारक कसे ठेवावे, हा त्यांना दिलेल्या प्रश्नांपैकी एक होता. नंतर एकेकट्यांच्या याद्या चार-चार करून एकत्र केल्या आणि दोनदा आलेल्या कल्पना एकदाच धरल्या. तरीही या कागदावरच्या गटांच्या कल्पना प्रत्यक्ष गटांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. दावा केला होता त्याच्या नेमके उलट!

असे का व्हावे? १९८७ साली जर्मनीत मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी तीन संभाव्य कारणे तपासली: लोक काय म्हणतील ही भीती, ‘दुसरे बोलताहेत, मी कशाला’ ही चालढकल आणि एका वेळी एकानेच बोलण्याची सक्ती. मोठा दोष तिसऱ्या कारणाचा निघाला. एका प्रयोगात माणसे वेगवेगळ्या खोल्यांत एकटीच बसली होती. पण दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू असल्याचा दिवा लागलेला असेपर्यंत त्यांनी बोलायचे नव्हते. एवढ्यानेही कल्पनांची संख्या घटली. आपली पाळी येईपर्यंत सुचलेले धरून ठेवावे लागते, आणि ते धरून ठेवताना नवे सुचत नाही.

पन्नास मुलांच्या वर्गात हा हिशेब करून पाहा. तीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तेही समान वाटणी झाली तर. प्रत्यक्षात हात वर होतात ते नेहमीच्या चार-पाच मुलांचे. बाकीच्यांना जे सुचले ते फळ्यापर्यंत पोचतच नाही, आणि ‘आपल्याला काही सुचत नाही’ अशी समजूत मात्र मनात बसते. या पद्धतीची खरी किंमत ही मुले मोजतात.

ऑस्बर्नवर सगळा दोष टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. गटातली चर्चा ही एकट्याने केलेल्या विचाराला केवळ पूरक आहे, असे त्यानेही म्हटले होते. प्रसार होताना एकट्याचा विचार गळला आणि गलका तेवढा उरला.

टीकेच्या बंदीचेही तसेच. शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ‘टीका करू नका’ असे बजावलेल्या गटांपेक्षा ‘खुशाल वाद घाला’ असे सांगितलेल्या गटांनी जास्त कल्पना दिल्या. मुलाला संरक्षण हवे ते हेटाळणीपासून, प्रश्नापासून नव्हे. आपला ‘मंथन’ हा शब्द या बाबतीत अधिक जाणता आहे. ताक करताना रवीची दोरी एकाच बाजूने ओढून लोणी येत नाही.

मग वर्गात काय करावे? समजा, शाळेच्या नळावर पाणी वाया जाते, हा प्रश्न आहे. पहिली सात-आठ मिनिटे कोणीच बोलायचे नाही. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर लिहायचे. मग शिक्षकांनी चिठ्ठ्या नावे न घेता वाचाव्यात आणि मुलांनी एकमेकांच्या कल्पना जोडाव्यात. शेवटी वाद: खर्च किती येईल? कोण करील? उपाय लागू पडला हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी आधी नळाखाली बादली ठेवून तासाला किती लिटर गळते ते मोजावे लागेल. कल्पना सुचणे आणि ती तपासणे या दोन्ही गोष्टी मुले इथे शिकतात. घरी वा कचेरीतही हाच क्रम उपयोगी पडतो: आधी एकट्याने लिहावे, मग चारचौघांत मांडावे, मग तावून सुलाखून घ्यावे.

पुढच्या वेळी फळा भरला की तास यशस्वी झाला असे म्हणण्यापूर्वी एक साधे मोजमाप करावे. फळ्यावरच्या कल्पना किती, हे न मोजता त्या किती मुलांच्या आहेत, हे मोजावे.